बोरिस कार्लॉफ: रंगभूषेच्या आधीचा रंग

१/
दर ऑक्टोबरात, हॅलोविन जवळ आला की बोरिस कार्लॉफची एकच गोष्ट नव्याने फिरू लागते. पडद्यावर थरकाप उडवणारा राक्षस आणि प्रत्यक्षात मृदुभाषी इंग्रज सद्गृहस्थ. क्रिकेटचा षौकीन, बागेत रमणारा, मुलांना गोष्टी वाचून दाखवणारा. ही गोष्ट खोटी नाही, परंतु अपुरी आहे. तिच्यातून जो भाग गाळला जातो, त्यावाचून या नटाची कारकीर्द समजूच शकत नाही.

२/
आपल्याकडे अलीकडे दुसरीच हौस वाढली आहे. कार्लॉफच्या वंशवृक्षात हिंदुस्थान सापडतो म्हणून त्याला थेट 'आपला' ठरवायचे, आणि अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) नाव निघाले की अभिमानाने छाती फुगवायची. पहिली गोष्ट रंग पुसते; दुसरी त्याच रंगाचा झेंडा करते. दोन्हींत इतिहासाची हानी सारखीच होते. हा थ्रेड दोन्हींच्या विरोधात आहे.

३/
प्रथम कागदोपत्री माणूस. विल्यम हेन्री प्रॅट, जन्म २३ नोव्हेंबर १८८७, लंडनचा कॅम्बरवेल भाग. नऊ भावंडांत धाकटा. वडील एडवर्ड जॉन प्रॅट हिंदुस्थानातील मीठ महसूल खात्यात अधिकारी. आई लहानपणीच गेली. थोरल्या भावंडांनी वाढवले. अपिंगहॅमसारखी शाळा, पुढे लंडनचे किंग्ज कॉलेज, आणि ध्येय ठरलेले: परराष्ट्र खात्याची वकिलातीतील नोकरी. भाऊ हिंदुस्थानात आणि चीनमध्ये साम्राज्याच्या सेवेत होतेच. एक भाऊ, जॉन, चीनमधल्या वकिलातींतून वर चढत परराष्ट्र खात्याचा पूर्वेकडील प्रश्नांवरचा सल्लागार झाला आणि पुढे 'सर' झाला. इथवर सारे अस्सल इंग्रजी दिसते.

४/
आता एक पिढी मागे जावे. आईची आई एलायझा ज्यूलिया एडवर्ड्स. ही एलायझा म्हणजे ॲना लिओनोवेन्सची सख्खी बहीण. सयामच्या राजा मोंगकुटच्या दरबारात १८६२ ते १८६७ या काळात शिक्षिका असलेली, आणि पुढे 'द किंग अँड आय' या संगीतिकेमुळे जगप्रसिद्ध झालेली हीच ती ॲना. म्हणजे कार्लॉफच्या आईची ती मावशी.

५/
ॲना स्वतःविषयी जे सांगे त्यानुसार तिचा जन्म १८३४ चा, वेल्समधल्या कार्नार्व्हनचा, आणि घराणे प्रतिष्ठित. प्रत्यक्षात ती १८३१ च्या नोव्हेंबरात अहमदनगरच्या लष्करी वस्तीत जन्मली. वडील थॉमस एडवर्ड्स सुतारकाम शिकलेला सार्जंट, तिच्या जन्माआधीच मेलेला. आईने एका आयरिश शिपायाशी दुसरे लग्न केले. आईचे वडील ग्लास्कॉट मुंबईच्या लष्करातले अधिकारी होते. त्यांच्या मुलांची आई कोण, याविषयी दफ्तर मौन पाळते. ती हिंदी किंवा मिश्रवंशीय स्त्री असावी, असा चरित्रकारांचा निष्कर्ष आहे. वसाहतीच्या दफ्तरांत असे मौन फार बोलके असते. इंग्रज बायकोचे नाव लिहायला कारकुनाला काहीच अडचण नसे.

६/
हे लपवावे का लागे, हे 'त्या काळी समाज तसाच होता' या मोघम वाक्याने सांगून भागत नाही. त्याला नियम होते, तारखा होत्या. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी आईच्या पोटी जन्मलेल्यांना आपल्या सनदी, लष्करी आणि आरमारी सेवेची दारे बंद केली. १७९५ मध्ये आणखी एक पाऊल: ज्यांचे आईबाप दोघेही युरोपीय नाहीत त्यांनी सैन्यात बाजेवाले, ढोलवाले किंवा नालबंद म्हणून राहावे, हत्यार धरू नये. पुढे नियम सैलावले, पण घरांनी घेतलेला धडा सैलावला नाही. कुटुंबातली एक आजी कागदावर आली तर नातवाची नोकरी जाते, हे एकदा कळले की आजी कागदावर येत नाही.

७/
ॲनाने हा धडा सर्वांत कडक रीतीने पाळला. १८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात तिचे लग्न झाले. आयुष्यभर तिने पुणेही पुसले आणि नगरही. एलायझाचे लग्न पंधराव्या वर्षी जेम्स मिलार्डशी झाले होते आणि ते ॲनाला मान्य नव्हते. पुढे ॲना सयाममध्ये असताना बहिणीने संपर्क साधला, तेव्हा पुन्हा लिहाल तर जीव देईन, असे तिने कळवल्याचे चरित्रकार नोंदवतात. तिचे बिंग फुटले ते १९७० च्या दशकात, डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांच्या शोधामुळे. ब्रिस्टो इतिहासकार नव्हते, ते कोळ्यांचे अभ्यासक होते. इतिहास विभागांनी यावर थोडे अंतर्मुख व्हायला हरकत नाही.

८/
तर अशा घरातला हा धाकटा मुलगा. वर्ण सावळा. भावांच्या वाटेने जाण्याऐवजी १९०९ मध्ये तो कॅनडाला निघून गेला आणि मॉन्ट्रियलला उतरला. त्याच शहरात तेव्हा म्हातारी ॲना राहत होती. १९१५ मध्ये ती तिथेच वारली. दोघांची भेट झाल्याचे कोणी नोंदवलेले नाही.

९/
तो पुढे पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियात पोहोचला. हा प्रांत त्या वर्षांत कसा होता, हे त्याच्या लोकप्रिय चरित्रपटांत येत नाही. १९०७ च्या सप्टेंबरात व्हँकुव्हरमध्ये आशियाई वस्त्यांवर दंगलखोर चालून गेले होते. १९०८ मध्ये कॅनडाने 'अखंड प्रवासा'ची अट घातली: मायदेशातून मधे न थांबता थेट आलात तरच प्रवेश. हिंदुस्थानातून तसा थेट जहाजमार्ग चालू नव्हता, म्हणजे बंदीच. त्या अटीला आव्हान देत १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात आली आणि दोन महिने अडवून परत पाठवली गेली. ज्या प्रांताने हिंदी माणसाला किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही, त्याच प्रांतात विल्यम प्रॅट खंदक खणत होता, ओझी उचलत होता, आणि इंग्रज म्हणून वावरत होता.

१०/
तिथेच, १९१०-११ च्या सुमारास, एका फिरत्या नाटक मंडळीत शिरताना त्याने नाव घेतले: बोरिस कार्लॉफ. 'कार्लॉफ' हे आईकडच्या रशियन पूर्वजांचे आडनाव, असे तो सांगे. त्याची मुलगी सारा हिने पुढे सांगितले की कुटुंबात असे कोणी पूर्वज असल्याचे तिला ठाऊक नाही.

११/
यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: 'प्रॅट' हे पुरेसे इंग्रजी आडनाव होते, मग लपवण्यासाठी ते बदलायचे कशाला? शिवाय या शब्दाला इंग्रजीत 'कुल्ला' असा हास्यास्पद अर्थ आहे, रंगभूमीवर तो चालला नसता. आणि साहेबी नोकरीतल्या भावांना नट भाऊ लाजिरवाणा वाटला असता. ही कारणे खरीच आहेत. पण त्यांनी 'नाव का बदलले' याचे उत्तर मिळते. 'हेच नाव का' याचे मिळत नाही. नटाला हजार इंग्रजी नावे मोकळी होती. प्रॅट या नावाखाली सावळा चेहरा प्रश्न निर्माण करत होता. कार्लॉफ या नावाखाली त्याच चेहऱ्याला उत्तर मिळत होते: पूर्वेकडचा कुठलातरी, पण युरोपचाच. हा अनुमानाचा भाग आहे, कबूल. मात्र ॲनाच्या वेल्सची आणि बोरिसच्या रशियाची जातकुळी एकच आहे, हे नाकारायला बरेच धाडस लागेल.

१२/
पुढची वीस वर्षे लवकर सांगण्यासारखी नाहीत, कारण चाहते ती फारच लवकर सांगतात. खेडोपाडी फिरणाऱ्या मंडळ्या, आठवड्याला नवे नाटक, बुडालेले पगार. १९१२ मध्ये रिजायना शहरात चक्रीवादळ झाले तेव्हा तो मंडळीबरोबर तिथेच होता. ढिगारे उपसण्याची मजुरी केली. १९२० च्या सुमारास हॉलिवूडच्या चित्रपटांत छोटी कामे मिळू लागली, पण दोन चित्रपटांच्या मधे ट्रक चालवणे आणि पोती चढवणे सुरूच होते. 'फ्रँकेनस्टाइन' मिळाला तेव्हा वय चव्वेचाळिसाला टेकलेले होते आणि मागे ऐंशीच्या आसपास चित्रपट होते. 'एका रात्रीत तारा' हे शब्द या माणसासाठी वापरणाऱ्याने ही बेरीज एकदा करून पाहावी.

१३/
त्या ऐंशी चित्रपटांत त्याला काय दिले गेले? 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१९२०): हल्लेखोर रेड इंडियनांतला एक. 'द मॅन फ्रॉम डाउनिंग स्ट्रीट' (१९२२): चक्क एक महाराजा, आडनाव धारवाड! 'ओमर द टेंटमेकर' (१९२२): इमाम. 'टारझन अँड द गोल्डन लायन' (१९२७): आफ्रिकी टोळीवाला. 'बिहाइंड दॅट कर्टन' (१९२९): सुदानी नोकर. 'द अनहोली नाइट' (१९२९): अब्दुल नावाचा हिंदी माणूस. 'किंग ऑफ द वाइल्ड' (१९३१): मुस्तफा.

१४/
मुंबईपासून काहीशे मैलांवरचे धारवाड हॉलिवूडच्या एका लेखकाने नकाशावरून उचलले असावे. ते ज्याच्या अंगावर चढवले त्याच्या घराण्याच्या दोन पिढ्या मुंबई इलाख्यात नांदल्या होत्या, हे त्या संचात कोणालाही ठाऊक नव्हते.

१५/
इथे दुसरा रास्त आक्षेप: त्या काळी सगळेच चरित्रनट सगळे काही करत. लॉन चेनीने चिनी भूमिका केल्या. वॉर्नर ओलंड हा स्वीडिश नट चार्ली चॅन म्हणून गाजला. मग कार्लॉफचा वेगळेपणा काय? वेगळेपणा असा की चेनी रंग धुऊन घरी जाई. कार्लॉफच्या बाबतीत उद्योगाला जे दिसत होते ते धुतले जात नव्हते. त्याच्या चेहऱ्यात 'परकेपणा' आहे हे पात्र निवडणाऱ्याला बरोबर दिसत होते. तो परकेपणा कुठून आला हे विचारायचे नव्हते, आणि त्याला सांगायचे नव्हते. या अबोल करारावर त्याची रोजीरोटी चालली.

१६/
करार मोडला असता तर? १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिकत्वास पात्र नाही. १९३० च्या चित्रपट संहितेने पडद्यावर मिश्रवंशीय संबंध दाखवण्यास मनाई केली. कार्लॉफने अमेरिकन नागरिकत्व कधीच घेतले नाही, तो आयुष्यभर ब्रिटिश राहिला. हे देशप्रेम म्हणून सांगितले जाते. असेलही.

१७/
याच सुमारास मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन टास्मानियाची म्हणून हॉलिवूडमध्ये आली. तिने आपली अँग्लो-इंडियन ओळख मरेपर्यंत लपवली. ती सुंदर नायिका होती, म्हणून तिच्या लपवण्याला आता शोकांतिका म्हणून मान मिळतो. कार्लॉफ कुरूप पात्रांचा नट, म्हणून त्याच्या लपवण्याचा विषयच निघत नाही.

१८/
आता 'फ्रँकेनस्टाइन', १९३१. दिग्दर्शक जेम्स व्हेल, रंगभूषाकार जॅक पिअर्स. पिअर्सची कला थोर आहे यात वाद नाही: रोजचे चार तास, सपाट माथा, मानेचे खिळे, पापण्यांवर मेण. गालाचा खळगा मात्र कार्लॉफचा स्वतःचा: त्याने तोंडातली दातांची कवळी काढून ठेवली. बुटांचे वजन, अवजड पोशाख, एकदा तर सलग पंचवीस तासांचे काम. पवनचक्कीच्या दृश्यासाठी त्याने सहनटाला खांद्यावर घेऊन टेकडी पुन्हा पुन्हा चढली. पाठ कायमची गेली आणि पुढे शस्त्रक्रिया झाल्या.

१९/
एक तपशील मात्र नेहमी तांत्रिक कुतूहल म्हणून सांगून सोडला जातो. पिअर्सने त्याच्या चेहऱ्याला हिरवट राखाडी रंग फासला होता, कारण कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा पांढराफटक उमटे. म्हणजे सावळ्या माणसाला जगप्रसिद्ध करणारा चेहरा हा अक्षरशः त्याला पांढरा करणारा लेप होता. हे कोणी कट करून केले नाही. पण शंभर लेखांत रंगभूषेचे गुणगान आणि लेपाखाली काय होते याबद्दल अवाक्षर नाही, हे केवळ विसरभोळेपणाने होत नाही.

२०/
चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे केवळ प्रश्नचिन्ह आहे. नट म्हणून त्याचे नाव येते ते शेवटी. पहिल्या खेळाचे आमंत्रण त्याला नव्हते. प्रश्नचिन्हाला प्रसिद्धीची युक्ती म्हणतात, आणि ती होतीच. मात्र आमंत्रण न देण्याला युक्ती म्हणत नाहीत. ऐंशी चित्रपटांच्या मजुराला स्टुडिओ जसे वागवत असे, तसेच वागवले.

२१/
१९३२ चा 'द ममी' या प्रकरणात सर्वांत विलक्षण. कार्लॉफ त्यात इजिप्तचा इम्होटेप. त्याच्या रंगभूषेला आठ तास लागत. नायिका हेलन ग्रोव्हनर. तिचा बाप सुदानचा इंग्रज गव्हर्नर, आई इजिप्शियन. सगळी भीती याच एका गोष्टीची आहे की तिच्यातला पूर्वेचा अंश जागा होईल आणि ती इंग्रज समाजाच्या हातून निसटेल. वसाहतीचा अधिकारी, देशी आई, अर्धी मुलगी, आणि रक्ताचे बोलावणे: ही कथा अमेरिकन गोऱ्या प्रेक्षकांसाठी थरार होती. कॅमेऱ्यापुढे उभ्या असलेल्या नटाच्या घरात ती वंशावळ होती.

२२/
इथे भाबडी सहानुभूती आवरायला हवी. त्याच वर्षी त्याने 'द मास्क ऑफ फू मांचू' केला. चिनी माणूस म्हणजे गोऱ्या स्त्रिया पळवणारा क्रूरकर्मा, ही कल्पना ज्या चित्रपटांनी जगभर पोसली त्यांतला हा एक. वॉशिंग्टनमधल्या चिनी वकिलातीने निषेध नोंदवला. आणि त्याच काळात थोरला भाऊ जॉन लंडनमध्ये परराष्ट्र खात्याला चीनविषयी सल्ला देत होता. एका घरातले दोन भाऊ, एकाच वेळी, साम्राज्याला चीन समजावून सांगत होते. एक टिपणांतून, दुसरा नखे वाढवून.

२३/
'त्याच्यापुढे पर्याय नव्हता' असे म्हणता येणार नाही. १९३२ नंतर तो तारा होता. तरीही १९३८ ते १९४० मध्ये मोनोग्रॅमसाठी त्याने मिस्टर वाँग या चिनी गुप्तहेराची भूमिका पाच चित्रपटांत केली. 'अनकॉन्कर्ड' (१९४७) आणि 'टॅप रूट्स' (१९४८) मध्ये पुन्हा आदिवासी भूमिका. अ‍ॅना मे वाँग ही अस्सल चिनी-अमेरिकन अभिनेत्री. 'द गुड अर्थ' (१९३७) मधली चिनी शेतकरीण तिला नाकारून जर्मन नटीला देण्यात आली, आणि त्या नटीला ऑस्कर मिळाले. कार्लॉफने सोडल्यावर वाँगची भूमिका १९४० मध्ये प्रथमच चिनी वंशाच्या के ल्यूक याला मिळाली, आणि त्या एका चित्रपटानंतर मालिकाच बंद झाली. स्वतःचा वंश झाकलेला माणूस दुसऱ्यांच्या वंशाची सोंगे आणत होता, आणि ज्यांना वंश झाकता येत नव्हता त्यांची जागा अडवत होता. हे त्याच्या खात्यावर लिहावेच लागेल.

२४/
मग त्याच्या खात्यावर जमेचे काय? क्रिकेट आणि बागकाम नव्हे. १९३३ च्या मार्चमध्ये मंदीचे कारण सांगून निर्मात्यांनी नटांच्या पगारात निम्मी कपात केली. कामाच्या तासांना मर्यादा नव्हती, दोन पाळ्यांमध्ये विश्रांतीची हमी नव्हती, जेवणाच्या सुटीचीही नव्हती. त्या उन्हाळ्यात 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' ही नटांची संघटना उभी राहिली. कार्लॉफ तिच्या संस्थापकांत होता, सदस्य क्रमांक ९. त्याच वर्षी ठरलेली पगारवाढ युनिव्हर्सलने नाकारल्यावर तो स्टुडिओतून बाहेरही पडला.

२५/
संघटनेत जाणे तेव्हा शोभेचे नव्हते. निर्मात्यांनी गिल्डला मान्यता दिली ती १९३७ मध्ये. मधली चार वर्षे काम जाण्याची, नाव काळ्या यादीत जाण्याची होती. ज्याच्यापाशी उघड होण्याजोगे गुपित आहे असा माणूस सहसा मालकाशी भांडत नाही. कार्लॉफ भांडला, आणि पुढेही वर्षानुवर्षे गिल्डच्या कारभारात राहिला. पंचवीस तासांची ती पाळी आणि मोडलेली पाठ ही 'कलेसाठीचा त्याग' म्हणून सांगितली जाते. त्याने स्वतः मात्र ती कामगाराची तक्रार मानली आणि त्यावर संघटना हे उत्तर शोधले. चाहत्यांनी निदान त्याचे तरी ऐकावे.

२६/
आणि 'आपला माणूस' म्हणणाऱ्यांसाठी. कोणाचा आपला? नगरच्या लष्करी वस्तीत ज्या स्त्रीचे नाव लिहिलेच गेले नाही, तिचा तो दूरचा वंशज, हे खरे. पण त्याचे घर ज्या मीठ महसुलावर चालले तो याच भूमीतून वसूल होत होता. 'फ्रँकेनस्टाइन'च्या आदल्याच वर्षी, १९३० मध्ये, वडाळ्याच्या मिठागरांवर आणि शिरोड्याला त्याच कराविरुद्ध सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. प्रॅट घराणे त्या लाठीच्या दुसऱ्या टोकाला होते. अभिमानच बाळगायचा तर त्या निनावी स्त्रीचा बाळगावा. पण तिच्याविषयी पोस्ट लिहिण्याजोगे काहीच शिल्लक ठेवलेले नाही, म्हणून तिचा नातू-पणतू उचलायचा.

२७/
१९३३ मध्ये 'द घूल'च्या चित्रणासाठी तो लंडनला परतला. चोवीस वर्षांनी भाऊ भेटले. साहेबी घराण्याच्या नावाला आपण बट्टा लावला अशी त्याला धास्ती होती. प्रत्यक्षात प्रसिद्धीच्या छायाचित्रासाठी उभे राहताना मध्ये कोण थांबणार यावरूनच भावांची गडबड उडाली, असे तो पुढे हसत सांगे. छायाचित्रात ते सारे एकत्र आहेत, कडक कोटांत, गंभीर, निर्विवाद इंग्रज.

२८/
पुढचे थोडक्यात, कारण ते सर्वांना ठाऊक आहे: 'ब्राइड'मधला बोलणारा राक्षस (त्याने बोलू नये असे कार्लॉफचे मत होते), व्हॅल ल्यूटनकडचे तीन उत्तम चित्रपट, ब्रॉडवेवर कॅप्टन हूक, 'ग्रिंच'चा आवाज, आणि १९६८ मध्ये 'टार्गेट्स'. या शेवटच्या मोठ्या भूमिकेत तो म्हातारा भयपट-नट आहे, बिनारंगभूषेचा. २ फेब्रुवारी १९६९ रोजी ससेक्समध्ये तो वारला. ॲनाच्या खोट्या वेल्सची उकल करणारे ब्रिस्टो यांचे पुस्तक त्यानंतर सात वर्षांनी आले.

२९/
१९९७ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने भयपटांवर पाच तिकिटे काढली. दोनांवर कार्लॉफ होता, एकदा राक्षस म्हणून आणि एकदा ममी म्हणून. २००३ मध्ये चित्रपटनिर्मितीच्या पडद्यामागील कलांवर तिकिटे निघाली. त्यांत रंगभूषेच्या तिकिटावर पुन्हा तोच, खुर्चीत बसलेला, आणि जॅक पिअर्स त्याच्या चेहऱ्याला रंग लावतो आहे.